गवा, एक गवा आणि गवे

मराठी माध्यमात शिकलेला मुलगा इंग्रजीचे काळ शिकतो, क्रियापदांची रूपं पाठ करतो, अर्जही नीट लिहितो. पण नामाआधी ‘अ’ लावायचा, ‘द’ लावायचा की काहीच लावायचं नाही, हा प्रश्न नोकरीला लागल्यावरही त्याची पाठ सोडत नाही. त्यातली सगळ्यात अवघड जागा एकच. समोरच्या एका वस्तूविषयी बोलायचं नसतं, तिच्या सबंध जातीविषयी किंवा एखाद्या अमूर्त कल्पनेविषयी बोलायचं असतं आणि तेही एकवचनात, तिथं भल्याभल्यांची लेखणी अडते.

राधानगरीत या प्रश्नाला चार पाय आणि दोन शिंगं आहेत. दाजीपूरच्या जंगलाला १९५८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला तो मुख्यतः गव्यासाठी. पुढं क्षेत्र वाढून ते राधानगरी अभयारण्य झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ‘गवा’ हा शब्द इथल्या मुलांच्या तोंडी रोज असतो, कधी जातीसाठी, कधी काल रात्री उसात शिरलेल्या एकट्यासाठी.

पुढचा संवाद दोन शिक्षकांचा आहे. बाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतात. गुरुजी निवृत्त आहेत. मराठी आणि संस्कृत शिकवण्यात त्यांची हयात गेली, बाई त्यांच्याच विद्यार्थिनी. दोघांचं मत शेवटपर्यंत पुरतं जुळलेलं नाही आणि ते ओढूनताणून जुळवावं असं मलाही वाटलं नाही.

बाई : गुरुजी, नववीच्या मुलांना ‘आपला परिसर’ या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या. बऱ्याच वह्यांत एक वाक्य सापडलं : ‘अ गौर इज फाउंड इन राधानगरी.’ मुलांना म्हणायचं होतं, राधानगरीत गवा आढळतो. इंग्रजी वाचणारा मात्र समजेल, राधानगरीत कुठंतरी एक गवा सापडला. भूगोल लिहायला गेली आणि बातमी लिहून बसली.

गुरुजी : मग तू ‘अ’ खोडलास.

बाई : खोडावाच लागतो. तिथं ‘द गौर इज फाउंड’ हवं, नाहीतर अनेकवचन, ‘गौर्स आर फाउंड’. शिकारी लोकांची एक जुनी रीत आहे, ते जनावराच्या नावाला अनेकवचनाचा ‘स’ लावत नाहीत. वन्यजीवांवर लिहिणारेही ‘गौर आर फाउंड’ लिहितात. पण तिथंही क्रियापद अनेकवचनीच असतं. पोरांनी ‘गौर इज फाउंड’ असं नामाला काहीच न लावता लिहिलं, तेही शाळेच्या इंग्रजीत बसत नाही.

गुरुजी : या सगळ्याचं मूळ कुठं आहे, असं तुला वाटतं?

बाई : मराठीत. स्पष्टच बोलते. ‘रात्री गवा आला’ यातला गवा कुठलातरी एक. ‘पहाटे गवा परत गेला’ यातला तोच, ओळखीचा झालेला. ‘गवा गवत खातो’ यातला गवा म्हणजे अख्खी जात. इंग्रजीत तीन ठिकाणी तीन निवडी कराव्या लागतात. आपण तिन्ही ठिकाणी ‘गवा’ म्हणतो आणि पुढं जातो. मराठीनं पोरांना निवड करायची सवयच लावलेली नाही. म्हणून माझा आग्रह आहे, इंग्रजीच्या तासाला मराठी वर्गाबाहेर ठेवायची. नियम इंग्रजीतून शिकायचा, वाक्यं इंग्रजीतून घोटायची.

गुरुजी : नियम जरूर घोटून घे. पण सवय लावलेली नाही, हे मला मान्य नाही. वर्गात एक वाक्य म्हणून बघ : ‘चित्ता भारतातून नामशेष झाला.’ मग त्याला ‘एक’ लाव : ‘एक चित्ता भारतातून नामशेष झाला.’ चौथीतलं पोरसुद्धा सांगेल, काहीतरी चुकलं. एक चित्ता मरतो, नामशेष जात होते. हे त्याला कुणी शिकवलं?

बाई : इंग्रजीतही नेमकं तसंच आहे. ‘अ चीता बिकेम एक्स्टिंक्ट’ चालत नाही, ‘द चीता’ चालतं.

गुरुजी : म्हणजे कान तयार आहे. आणखी पुढं जा. १९५२ मध्ये सरकारनं चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते आणून कुनोच्या जंगलात सोडले. त्या दिवशी कुणी म्हणालं ‘चित्ता परतला’, कुणी म्हणालं ‘आठ चित्ते आले’. पहिल्या वाक्यात जात परतली, दुसऱ्यात आठ जनावरं विमानातून उतरली. ती आठ काही पूर्वी इथं राहत नव्हती, त्यामुळं ‘आठ चित्ते परतले’ म्हणताना जीभ किंचित अडखळते. मराठी मुलाला हा भेद ऐकू येतो. त्याला फक्त तो दाखवून द्यायचा आहे.

बाई : ऐकू येणं वेगळं आणि परीक्षेत लिहिता येणं वेगळं, गुरुजी. इंग्रजीत जातीविषयी बोलायला ‘द’ चालतो, तसा काही ठिकाणी ‘अ’ सुद्धा चालतो. ‘अ गौर इज अ रूमिनंट’, गवा रवंथ करतो, हे वाक्य शुद्ध आहे. मग पोरं विचारतात, तिथं ‘अ’ चालला तर राधानगरीच्या वाक्यात का नाही? मी त्यांना सांगते की जे लक्षण त्या जातीच्या असण्यातच आहे, ते सांगताना ‘अ’ चालतो. जे योगायोगानं, परिस्थितीनं जडलेलं आहे, ते सांगताना चालत नाही. रवंथ करणं गव्याच्या घडणीतच आहे, राधानगरीत असणं घडणीत नाही. पोरं मान डोलावतात, पण कळलेलं नसतं.

गुरुजी : त्यांना कळेल अशी खूण मराठीतच आहे. आपण म्हणतो, ‘पाहुणा म्हटला की चहा आलाच.’ ‘शिक्षक म्हटला की त्यानं वेळेवर यावं.’ हे ‘म्हटला की’ कुठं बसतं ते बघ. ‘गवा म्हटला की रवंथ करणारच’, बसलं. ‘गवा म्हटला की राधानगरीत आढळतो’, बसत नाही, ऐकतानाच खटकतं. जिथं ‘म्हटला की’ बसतं तिथं तुझा ‘अ’ चालेल.

बाई : थांबा, लावून बघते. ‘अ टीचर शुड बी पंक्च्युअल.’ शिक्षक म्हटला की त्यानं वेळ पाळावी. बसलं. ‘अ चीता बिकेम एक्स्टिंक्ट.’ चित्ता म्हटला की नामशेष झाला. नाही बसत. आणि ‘द’ साठी?

गुरुजी : ‘द’ साठी ‘हा’ आहे. ‘गवा हा रवंथ करणारा प्राणी आहे.’ ‘गवा हा पश्चिम घाटात आढळणारा प्राणी आहे.’ हा ‘हा’ बोट दाखवणारा नाही. समोर गवा नसतानाही आपण ‘गवा हा’ म्हणतो. निबंधाची पहिली ओळ प्रत्येक मराठी मूल अशीच लिहितं, ‘गाय हा एक उपयुक्त प्राणी आहे’. जातीला समोर उभं करून तिच्याविषयी बोलायची ही आपली रीत आहे. तू मराठी बाहेर ठेवलीस तर ही दोन्ही हत्यारं पोरांच्या हातातून जातात.

बाई : ही खूण मी वापरेन. पण ती सगळीकडं पुरणार नाही. भाववाचक नामांचं काय? पोरं ‘द लाइफ इज हार्ड’ लिहितात. आयुष्य, सत्य, शिक्षण, भूक यांविषयी सरसकट बोलताना इंग्रजीत आधी काहीच येत नाही.

गुरुजी : तिथं त्यांना विचारायला लाव, ‘कुणाचं?’ उत्तर वाक्यातच असेल, धरणग्रस्ताचं आयुष्य, गेल्या शतकातलं शिक्षण, तर ‘द’ चा विचार करायचा. उत्तर नसेल तर नाम मोकळं सोडायचं.

बाई : ढोबळ आहे, पण सुरुवातीला चालेल. ‘स्कूल’चं तसंच सांगते. मुलगी शिकायला जाते तेव्हा ‘गोज टू स्कूल’. तिची आई दाखला आणायला जाते तेव्हा ‘गोज टू द स्कूल’. मुलीच्या वाक्यात शाळा म्हणजे शिक्षण, आईच्या वाक्यात शाळा म्हणजे इमारत आणि कार्यालय. आणि सगळ्यात विचित्र शब्द ‘मॅन’. एकटं मोजता येणारं नाम असूनही तो काहीच न लावता अख्ख्या मानवजातीसाठी येतो. २० जुलै १९६९ ला नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, तेव्हाचं त्याचं वाक्य आठवा. एका माणसाचं छोटं पाऊल आणि मानवजातीची मोठी झेप, असा विरोध त्याला साधायचा होता. पण पृथ्वीवर ऐकू आलं ते ‘अ’ शिवायचं ‘मॅन’. ‘अ’ गेला की ‘मॅन’ म्हणजे मानवजातच, आणि वाक्याचे दोन्ही तुकडे एकच गोष्ट सांगायला लागतात. आपल्याला ‘अ मॅन’च म्हणायचं होतं, असं तो नंतर सांगत राहिला. एवढ्याशा ‘अ’ नं एक माणूस आणि सगळी माणसं यांच्यातलं अंतर राखलेलं असतं.

गुरुजी : हे अंतर आपल्या व्याकरणकारांनीही फार बारकाईनं मोजलंय. जातीविषयी बोलताना एकवचनाच्या जागी विकल्पानं अनेकवचन चालेल, असं पाणिनीचं एक स्वतंत्र सूत्र आहे. टीकाकार उदाहरण देतात ते जवाचं. शेतात जव उदंड आला, हे एकवचनात म्हणा की अनेकवचनात, अर्थ तोच. आपल्याकडं ‘आंबा महागला’ आणि ‘आंबे महागले’ दोन्ही चालतं ना, तेच. पुढं कात्यायनानं आणि पतंजलीनं वाद मांडला. शब्द सांगतो काय? वाजप्यायन म्हणे, आकृती, म्हणजे सगळ्यांत असलेलं समान रूप. व्याडी म्हणे, द्रव्य, म्हणजे समोरची एकेक वस्तू.

बाई : जिंकलं कोण?

गुरुजी : पतंजलीनं दाखवलं की पाणिनीला दोन्ही मान्य आहेत. जातीचं सूत्र करताना त्यानं आकृती धरली. आणि अनेक सारखे शब्द जोडताना एकच शिल्लक राहतो, हे सूत्र करताना त्यानं द्रव्य धरलं. बोलणाऱ्याला कधी जात लागते, कधी वस्तू लागते. भाषेनं दोन्हींची सोय ठेवायची असते.

बाई : सोय आहे हे खरं. माझी खरी तक्रार त्या सोयीवरच आहे, गुरुजी. व्याकरणाच्या तासाला मी तुमचं ऐकेन. तासाबाहेर मला हे जातीचं एकवचन धोक्याचं वाटतं. शेताच्या बांधावर एक गवा दिसतो. कळपातून वेगळा झालेला नर, वाट चुकलेला, माणसांनी घेरलेला. तो बिथरून कुणावर तरी धावतो. दुसऱ्या दिवशी गावभर एकच वाक्य फिरतं : ‘गवा माणसावर धावतो.’ काल धावला तो एक होता, आज ती जातीची खोड झाली. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडमध्ये एक गवा शिरला. गर्दी त्याच्यामागं पळाली, तो जिवाच्या आकांतानं पळाला आणि पकडल्यावर मेला. तो एक घाबरलेला गवा होता. तिथं त्याला ‘एक’ म्हणायची गरज होती.

गुरुजी : मान्य. पण गव्याची जात म्हणून काही बोलताच येत नसतं, तर तो आज जिवंत तरी राहिला असता का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जातीचं नाव आहे, गौर. कुठल्या एका गव्याचं नाही. त्या एका शब्दामुळं जन्मलेल्या आणि पुढं जन्मणाऱ्या प्रत्येक गव्याला कायद्याचं कवच मिळालं. जातीचं एकवचन नसेल तर कायदा लिहिता येत नाही, विज्ञान लिहिता येत नाही.

बाई : कायद्यात ठीक आहे. तिथं शब्दाची व्याख्या असते. बोलण्यात व्याख्या नसते आणि म्हणूनच हे वाक्य खोटं पाडता येत नाही. बघा, ‘डास मलेरिया पसरवतो’ हे वाक्य आपण खरं मानतो. पसरवते ती फक्त अ‍ॅनाफिलिस जातीच्या डासाची मादी, तीही जंतू शरीरात असलेली. उरलेले असंख्य डास मलेरिया पसरवत नाहीत, तरी वाक्य खोटं ठरत नाही. म्हणजे अशा वाक्यात ‘सगळे’ नसतं, ‘बहुतेक’ही नसतं. किती, हा प्रश्नच ते गिळून टाकतं. डासाच्या बाबतीत त्यानं बिघडत नाही, उलट माणूस सावध होतो. पण हाच साचा माणसाला लावला की? ‘बाईमाणसाला व्यवहार कळत नाही.’ मी व्यवहार करून दाखवला तर म्हणतात, ‘तुमची गोष्ट वेगळी.’ अपवाद दाखवून हे वाक्य मोडत नाही, कारण अपवादाला त्यात आधीच जागा ठेवलेली असते. ‘अमक्या जातीचा माणूस असाच’, हे वाक्य याच व्याकरणानं चालतं. आपल्या समाजात किती पिढ्या ते चाललं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गुरुजी : सांगायला नकोच. पण पोरी, याला उत्तर देणाऱ्यांनी कुठलं वचन वापरलं तेही बघ. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला आणि वर्तमानपत्रांनी त्या एका बाईवरून सगळ्या स्त्रीजातीला दोष द्यायला सुरुवात केली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे खवळून उठल्या. १८८२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, ‘स्त्री-पुरुष तुलना’. स्त्रीवर जे जे दुर्गुण लादता ते पुरुषात नाहीत काय, हा त्यांचा सवाल. नावातली दोन्ही नामं एकवचनी आहेत, दोन्ही जातीची आहेत. शत्रूनं जे एकवचन वापरलं तेच उचलून ताराबाईंनी परत फेकलं. पुढच्याच वर्षी जोतिरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ‘शेतकऱ्यांचा’ नाही, ‘शेतकऱ्याचा’. हजारो खेड्यांत विखुरलेली माणसं त्या एकवचनात एक होऊन उभी राहिली. नुसती बेरीज करून हे बळ आलं नसतं.

बाई : बळ आलं, हे कबूल. पण त्या एकवचनी शेतकऱ्यात शेतकरीण कितपत दिसते? राधानगरीत भाताची लावण कोण करतं? चिखलात दिवसभर वाकून कोण असतं? ‘शेतकरी’ म्हटलं की डोळ्यांसमोर पटका बांधलेला पुरुष येतो. एकवचन सगळ्यांना पोटात घेतल्याचा भास देतं आणि कुणालातरी बाहेर ठेवतं. म्हणून मला इंग्रजीची शिस्त आवडते. ती विचारते, एक की सगळे, ओळखीचा की अनोळखी. उत्तर दिल्याशिवाय नाम लिहूच देत नाही.

गुरुजी : इंग्रजीची शिस्त आवडत असेल तर तिचा इतिहासही बघ. साहेब आपल्याविषयी ‘द नेटिव्ह’ म्हणून लिहीत होता. नेटिव्ह असा, नेटिव्ह तसा. व्याकरण अचूक होतं, ‘द’ जागच्या जागी होता. त्या ‘द’ नं अन्याय थोडाही कमी झाला नाही. दुसरं उदाहरण कायद्याचं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या तेराव्या कलमात स्वच्छ लिहिलंय, पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात आणि एकवचनात अनेकवचन धरावं. तरीही रेजिना गुहा यांनी वकिलीची परवानगी मागितली, तेव्हा १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ती नाकारली. वकिलांच्या कायद्यातल्या शब्दांत स्त्री अभिप्रेत नाही, असा अर्थ लावला. शेवटी १९२३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळा कायदा करावा लागला. शब्द इंग्रजी, कलम स्पष्ट, न्यायाधीश शिकलेले. दार तरी बंदच राहिलं.

बाई : म्हणजे तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं साक्ष देतंय. जातीचं एकवचन सगळ्यांना धरतं, हा विश्वास फसवा ठरला. १९२३ च्या कायद्यात स्त्रियांचं नाव घेऊन सांगावं लागलं.

गुरुजी : फसवणूक माणसांनी केली, एकवचनानं नाही. पण तुझा मुद्दा मी सोडून देत नाही. नाव घेऊन सांगावं लागतं, हे खरं आहे.

बाई : आणि मोजूनही सांगावं लागतं. आपल्याच मातीतलं बघा. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी हुकूम काढला. मागासांचं भलं व्हावं, अशी नुसती सदिच्छा त्यात असती तर तो केव्हाच विसरला गेला असता. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांनी भराव्यात, असं त्यात स्पष्ट होतं. वर्गाचं नाव घेतलं आणि आकडा दिला, म्हणून तो हुकूम चालला.

गुरुजी : यात वर्गाचं नाव आहे, हे विसरू नको. आकडा कशाला लावायचा, ते त्या नावानं ठरलं.

बाई : विसरत नाही. पण आकड्याशिवाय नाव कोरडं. पावसाळ्यात धरणाचंच घ्या. महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं हे धरण. ‘धरण भरलं’ म्हटलं की इथं कुणी ‘कुठलं’ म्हणून विचारत नाही, सगळ्यांच्या मनात एकच धरण. पण ‘दरवाजा उघडला’ एवढ्यावर नदीकाठची माणसं थांबत नाहीत. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. कितव्या क्रमांकाचा उघडला, किती उघडले, किती क्युसेक पाणी सुटलं, हे हवं असतं. जिवाशी गाठ असते तिथं माणूस आपोआप मोजायला लागतो. गव्यानं पीक खाल्ल्याची भरपाई मागायला जा. ‘गवा पीक खातो’ म्हणून कुणी पैसे देत नाही. कुठल्या गटात, कुठलं पीक, किती क्षेत्र, कुठल्या तारखेला, याचा पंचनामा लागतो.

गुरुजी : मग आपलं भांडण इथं येऊन ठेपलं. संरक्षण द्यायचं तर जातीला द्यावं लागतं, भरपाई द्यायची तर शेताला. पहिल्यासाठी माझं एकवचन लागतं, दुसऱ्यासाठी तुझी मोजणी.

बाई : अर्धं मान्य. माणसांच्या बाबतीत तरी मी आधी मोजणीच मागेन.

गुरुजी : आणि मी विचारत राहीन, कुणाला मोजतेस? ते सांगायला तुला जातीचंच नाम लागेल.

संवाद इथं थांबला. दोघांचं ऐकून माझं मत बनलं ते असं.

वर्गातल्या प्रश्नावर गुरुजी बरोबर आहेत. जात आणि व्यक्ती यांतला भेद मराठी मुलाला उपजत कळतो. ‘एक’ लावून बघणं, ‘म्हटला की’ लावून बघणं, ‘हा’ लावून बघणं आणि ‘कुणाचं’ म्हणून विचारणं, या चार खुणा इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकानं वापरून बघाव्यात. या खुणा नियमाची जागा घेत नाहीत. ‘स्कूल’, ‘मॅन’ यांसारखे शब्द पाठच करावे लागतात, काही अपवाद वाचूनच अंगवळणी पडतात. पण पाठांतर सुरू होण्याआधी मुलाला आपण कशाविषयी बोलतोय हे कळलेलं असलं, तर ‘अ’ आणि ‘द’ त्याला अंदाजानं लावावे लागत नाहीत. मराठी वर्गाबाहेर काढून हे साधणार नाही.

वर्गाबाहेरच्या प्रश्नावर मात्र माझा कौल बाईंकडं झुकतो. जातीचं एकवचन व्याख्येसाठी, विज्ञानासाठी आणि हक्क देण्यासाठी वापरलं की ते थोर काम करतं. अनुसूचीतला गौर, ताराबाईंची स्त्री, जोतिरावांचा शेतकरी ही त्याची साक्ष. तेच एकवचन दोष देण्यासाठी वापरलं की त्याच्यापुढं पुरावा हतबल होतो, कारण किती, कोण, कधी या तिन्ही प्रश्नांना त्यानं आधीच बगल दिलेली असते. गव्याच्या बाबतीत त्याची किंमत एखादं जनावर जिवानं देतं. माणसांच्या बाबतीत ती पिढ्यांनी दिली आहे.

म्हणून बातमी लिहिणाऱ्यांना, भाषण करणाऱ्यांना आणि पारावर बोलणाऱ्या आपणा सर्वांना एक विनंती आहे. हक्क मागताना खुशाल एकवचनात बोला. दोष देताना आधी मोजा, आणि मोजता येत नसेल तर ते वाक्य बोलू नका.